आक्कांचं अर्धं राहिलेलं पारायण

देव माझं ऐकत नव्हता. त्यात त्याची चूक नाही, माझं घरातलं मांजरपण ऐकत नाही. पण बायकोचं तरी ऐकायचं होतं. चिक्कडपल्लीत आमच्या घरी ती दर श्रावणात आक्कांच्या पुस्तकाचं पारायण करायची. आक्का म्हणजे आमच्याच भागात राहून गेलेल्या लेखिका. संतांच्या गोष्टी त्यांनी अशा लिहून ठेवल्या की बायामाणसं ते पुस्तक पोथीसारखं पाटावर ठेवून वाचतात. मी ऑटोवाला, शाळेपर्यंत गेलो ते दुसऱ्यांची पोरं सोडायला. बायको वाचायची, मी भिंतीला टेकून घोरायचो.

यंदा पारायणाच्या मधेच तिला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दवाखान्यात डाव्या हातानं सारखी उशाशी ठेवलेल्या पुस्तकाकडं बोट करायची. पारायण अर्धं टाकून जायचं नसतं, हेच तिच्या जिवाला लागलेलं. डॉक्टरनं आशा सोडली होती.

मुलाला म्हटलं, वाच. तो सिकंदराबादला कंपनीत मोठा साहेब. म्हणाला, "बाबा, मराठी बोलता येते, वाचायला नाही जमत. यूट्यूबवर बघतो ना." यूट्यूबवर आक्का नव्हत्या.

मग कळलं, कोठी भागात आक्कांच्या आठवणीचा कार्यक्रम आहे. वाटलं, तिथं वाचणारे ढिगानं भेटतील. गेलो. आक्का आमच्या श्वासात आहेत, अशी भाषणं झाली. नंतर मी एकेकाला विचारलं, थोडा वेळ येऊन वाचाल का. कुणी "बघू" म्हणालं, कुणाचे गुडघे दुखत होते. खाकी शर्ट बघून एकानं मला खुर्च्या उचलायला सांगितलं. मी उचलल्या पण. सेवा म्हणून नाही, सवय म्हणून.

शेवटी मीच पुस्तक घेऊन तिच्याजवळ बसलो आणि पानं उलटत गेलो. पानं संपली की पारायण संपलं, एवढंच माझं डोकं. तिनं तोंड फिरवलं. माझ्या फालतू थट्टेवरपण जन्मभर हसलेली बाई, रडायला लागली. मी मनात म्हटलं, देवा, आता तूच बघ, माझी गाडी इथं बंद पडली.

शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. तिची सून बुरख्यात बसून आमचं सगळं बघत होती. म्हणाली, "चाचा, आपकू पढना नै आता ना? लाओ इधर. इस्कूल में हिंदी पढी मैं, हरफां तो वोइच हैं."

एकेक अक्षर जोडत, अडखळत वाचायला लागली. अर्थ तिला कळत नव्हता. बायकोनं तोंड इकडं केलं, तिचे ओठ हलायला लागले. सून अडली की बायको चादरीवर बोट आपटायची, चल पुढं म्हणून. असं रोज दुपारी थोडं थोडं करत शेवटचं पान झालं. प्रसाद आणायचं माझ्या डोक्यात कुठून येणार? त्या सुनेनंच पिशवीतून उस्मानिया बिस्किट काढलं. पारायणात बाहेरचं पाणी न पिणाऱ्या माझ्या बायकोनं तोंड उघडलं. मी चिमूटभर चुरा जिभेवर ठेवला.

त्याच आठवड्यात ती गेली. बरी झाली असती तर हा अनुभव मी छाती काढून सांगितला असता. राग अजून आहे. देवावर, मुलावर, त्या खुर्च्यांवर. तरी हात जोडतो. बोलावलं ते आले नाहीत, आली तिला मी बोलावलंच नव्हतं. कुणाला पाठवायचं ते आपण ठरवायचं नसतं, एवढं शिकलो.

जाताना त्या सुनेनं विचारलं होतं, "चाचा, इसमें लिखा क्या है?" मी तर इतकी वर्षं झोपेतच ऐकलेलं.

आता पुस्तक पाटावर आहे. दुपारी ऑटो लावून त्याच्यासमोर भिंतीला टेकून बसतो. झोप काही येत नाही.