माझं फेटणयंत्र

आईचं उजवं मनगट मोडलं ते क्षिप्रेच्या घाटावर. ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि सगळा भार हातावर आला. हाड बसवलं, पण जरा वाकडंच बसलं. पुढे तिला पोळ्या जमू लागल्या, चिराचिरीही जमू लागली. उडदाची डाळ फेटणं मात्र गेलं ते गेलंच. दहीवड्याची वाटलेली डाळ अर्धा-पाऊण तास हातानं फेटायची, तेव्हा कुठे ती हलकी होते. आई पाच मिनिटांत हात पोटाशी धरून बसायची.

मी तेव्हा बी.एस्सी. होऊन उज्जैनच्याच एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. एका रविवारी मी जाहीर केलं, "मी डाळ फेटायचं यंत्र करणार."

बाबा मध्य भारत सरकारच्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "यंत्रं करायला कारखाने आहेत, बेटा."

"कारखानेवाल्यांनी कधी डाळ फेटलीये का?" मी विचारलं. त्यांनी पान उलटलं.

भंगारातून मी एक जुनं हातड्रिल मिळवलं, मुठीनं फिरवायचं, दातेरी चाकाचं. ते घेऊन देवास गेटजवळच्या एका खरादवाल्याकडे, म्हणजे लेथवर धातूचे भाग कातून देणाऱ्याकडे, गेले. म्हातारे मिस्त्री होते. माझा कागदावरचा नकाशा त्यांनी हातात घेतलाच नाही. म्हणाले, "बहनजी, घर से किसी आदमी को भेज दो, उसको समझा देंगे."

मी म्हटलं, "समझाना मुझे है, समझना आपको."

मिस्त्री स्टूल पुढे सरकवून म्हणाले, "बैठो. दिखाओ."

पहिलं यंत्र साधं होतं. पितळेचं भांडं, मधोमध दांडा, त्याला दोन पाती. फेटलेलं नीट मिसळतंय की नाही हे कळावं म्हणून मी डाळीच्या कडेला चिमूटभर हळद टाकली आणि मूठ फिरवली. डाळ पात्यांबरोबर गरगर फिरली, पण मिसळली नाही. मधे पांढरी, कडेला पिवळं कडं. मी पाती वाढवली, त्यांना भोकं पाडली, वेग वाढवला. मग डाळ भिंतीवर उडाली. नेमके काका आले होते. "वहिनी, आज वडे भिंतीला का?" म्हणून हसले, आणि जाताना दाराशी बाबांना हळूच म्हणाले, "मुलगी खरादवाल्याकडे जाऊन बसते. लोक बघतात, दादा."

बघू देत, असं मी आतल्या खोलीतून मोठ्यानं म्हटलं. त्यांना ऐकू जावं म्हणूनच म्हटलं.

यंत्र मात्र अडलंच होतं. शेवटी मी आईला म्हटलं, "तू पूर्वी कशी फेटायचीस, तसं अगदी सावकाश कर बरं." ती परात घेऊन बसली. दुखऱ्या हातानं हळूहळू दाखवू लागली, आणि मी बघतच राहिले. तिचा हात मधोमध फिरतच नव्हता. तो कडेला राहायचा, तळाशी जायचा, खालची डाळ उचलून वर आणायचा. आणि डावा हात परात फिरवत होता, उलट्या दिशेनं.

"आई, तू परात फिरवतेस."

"मी? छे गं."

"बघ ना, आत्ताही फिरवते आहेस."

तिनं स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं. तीस वर्षं ती हे करत होती आणि तिला ठाऊक नव्हतं. आम्हा कोणालाच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी थेट खरादेवर. भांडं फिरत्या तबकडीवर बसवायचं, त्याच मुठीनं ते उलटं फिरवायचं. पातं एकच, मधे नाही, कडेला चिकटून; खालची धार तिरपी, म्हणजे ते तळाचं वर उचलेल. मिस्त्रींनी मान हलवली. "दोनों उल्टे घूमेंगे तो आपस में लड़ेंगे."

"लड़ाना ही तो है," मी म्हटलं.

दोन खेपा फसल्या, तिसरी जमली. हळद टाकली, मूठ फिरवली. बघता बघता सगळी डाळ एकसारखी पिवळी झाली. थेंबभर डाळ पाण्यात टाकली तर तरंगली. मी आईला बसवलं. मूठ डाव्या हातानं फिरवायची सोय मी मुद्दाम केली होती. ती बराच वेळ फिरवत राहिली, डाळ केव्हाच झाली होती तरी.

त्याच सुमारास राज्यांची पुनर्रचना झाली. मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला, बाबांची बदली भोपाळला ठरली. नव्या राज्याच्या निमित्तानं उज्जैनात औद्योगिक नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, भरली. मी यंत्र नेलं. टेबलावर चिठ्ठी लावलेली होती: बनवणाऱ्याच्या जागी बाबांचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात "कन्या की सहायता से".

व्यवस्थापक समजुतीनं म्हणाले, "पिताजी सरकारी आदमी हैं, कमेटी को सहूलियत रहेगी."

बाबा शेजारीच उभे होते. मी त्यांना विचारलं, "बाबा, भांडं उलटं का फिरतं, ते सांगा ह्यांना."

बाबांनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. सबंध आयुष्यात साहेबाला कधी नाही न म्हणालेला माणूस. मग ते व्यवस्थापकांना म्हणाले, "मुझे नहीं मालूम. मेरा नाम काट दीजिए."

"फिर ये इनाम में नहीं आएगा. बुनाई-कढ़ाई की तरफ रखना पड़ेगा."

"रखिए," मी म्हटलं आणि यंत्र स्वतः उचलून स्वेटर आणि रुमालांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. चिठ्ठी मीच लिहिली.

परीक्षक तिकडे फिरकलेच नाहीत. बायका मात्र फिरकल्या. मराठी, मालवी, गुजराती. मूठ फिरवून पाहायच्या, परत दुसरीला बोलवायच्या. नुमाइश संपायच्या आत मिस्त्रींकडे यंत्रं मागायला लोक येऊ लागले.

बाबा भोपाळला एकटेच गेले. काकांचं म्हणणं होतं, आम्हीही जावं आणि माझं लग्न उरकावं. इंदूरचं एक स्थळ येऊनही गेलं. मुलाचे वडील चहा पिता पिता म्हणाले, "लग्नानंतर हे खरादेवर जाणं बंद होईल ना?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी आईकडे पाहिलं, ती काही सावरून घेईल म्हणून. आईनं वाकड्या मनगटाच्या हातानं त्यांच्यापुढे दहीवड्यांची बशी सरकवली आणि म्हणाली, "ती नाही म्हणाली, ऐकलंत ना? घ्या, वडे घ्या."

त्यांनी वडे खाल्ले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. शाळा सुटल्यावर मी देवास गेटला, खरादेवर गेले.