भिंत शिंप्याची, बाई रंगाऱ्याची

"भिंत माझी, तर भिंतीवरची बाईही माझीच!"

शिंपी ओरडला तेव्हा अक्का मागच्या नळावर पाणी भरत होती. बादली भरून वाहू लागली तरी तिला नळ बंद करायचं सुचेना. ती बाई म्हणजे तिची भावजय, आणि बोलणी खात होता तो तिचा धाकटा भाऊ, रंगारी.

भावजय जाऊन तीन वर्षं झाली होती. जन्मभर दुसऱ्यांच्या दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या या माणसाने स्वतःच्या मनाने एकच चित्र काढलं. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवणारी त्याची बायको. शिंप्याला विचारून, त्याच्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर. खाली सही नाही. पाटीवर रंगाऱ्याने आपलं नाव घालू नये, ही हाताला लागलेली सवय. मग कुणी छत्रीवाला आला, चित्र छत्र्यांवर छापू का म्हणाला, आणि शिंप्याने खुशाल मान डोलावली.

"अरे, लोक तिला उघडतील, मिटतील, दाराआड उभी करतील!" रंगारी चित्रापुढे आडवा उभा राहिला. "तिने जन्मात छत्री धरली नाही रे."

"चित्र काढताना चहा मी पाजला होता, विसरलास?"

आत एक वकीलबाई काळा कोट अंगावर घालून बघत होती. एका बाहीला टाचण्या, दुसरी बाही अजून लागायचीच, तशीच ती बाहेर आली.

"काका, पैसे दिले होते? काही लिहून घेतलं होतं?"

"चहा..."

"चहा मलाही पाजता. म्हणून माझी कोर्टातली भाषणं तुमची झाली का? भिंत तुमची, कबूल. पण चित्राची नक्कल करू द्यायची की नाही, ते काढणाऱ्याने ठरवायचं. सही असो नसो."

"यानेच काढलं कशावरून? मी नाहीच म्हटलं तर?"

आता अक्काला राहवेना. ओल्या पायांनी ती पुढे आली. "भिंतीच्या कडेच्या त्या पाइपामागे बघ. काम झालं की कुंचला आडोशाला पुसायची याची खोड. माझ्या घरातलं एक दार सोडलं नाही मेल्याने. ओरडून ओरडून माझे दात पडले."

पाइपामागे पट्टेच पट्टे होते, केसांचा काळा, ओठांचा तांबडा. शिंपी खाली बघू लागला.

"कळवतो छत्रीवाल्याला, नाही म्हणून," तो पुटपुटला. "पण बाई, भिंतीला चुना तरी मी फासू शकतो ना?"

"त्यावरही भांडता येईल. आधी माझी बाही लावा."

पुढे कित्येक वर्षं दर रविवारी रंगारी छोटी डबी घेऊन जायचा आणि उन्हाने विटलेला रंग उजळायचा. शिंपी म्हणायचा, "उद्या चुना फासतोच बघ," आणि स्टूल धरून उभा राहायचा.

रंगारी गेला तो एका गुरुवारी, झोपेतच. त्याआधीच्या रविवारीही तो डबी घेऊन भिंतीपाशी आला होता. स्टुलावर चढून त्याने तिचा उघडा डोळा काळाभोर केला.

"उद्या चुना फासतोच," शिंपी खालून म्हणाला.

"फास की. तिचा दोरा तेवढा ओवून होऊ दे."

मग त्याने पाइपामागे कुंचला पुसला, डबीचं झाकण घट्ट लावलं आणि अक्काकडे जेवायला गेला. उशीर झाला म्हणून तिने चार शब्द सुनावले, तेही नेहमीचेच.