दोरीवरची फडकी

मिरचीचा हंगाम सुरू होण्याआधी नंदुरबारच्या आमच्या बाजारातले हमाल हूक टांगायचे. गोदामाच्या शेडपासून निंबाच्या झाडापर्यंत एक जाड दोरी बांधलेली असे. पोतं उचलायचा आपापला लोखंडी हूक जो तो तिच्यावर अडकवायचा. दोरीवर हूक असला म्हणजे तो माणूस बोलणीत सामील. व्यापाऱ्याशी दर ठरला की सगळे हूक एकदम खाली यायचे आणि ठरलेला दर सगळ्यांना लागू व्हायचा. तोवर पोत्याला कोणी बोट लावत नसे.

बोलणी करायला माझे वडील पुढे असत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. दोरीखाली उभे राहिले की त्यांचा थाट काय विचारता! घरात मात्र त्यांच्याच समोर माझी माय रात्री मिरचीने जळजळणारे हात परातीतल्या ताकात बुडवून बसलेली असे. ती पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, देठ खुडायची. त्या कामाला हूक लागत नाही, नखं लागतात. नाकातोंडावर बांधायला एक फडकं लागतं, आणि तरीही ठसका चुकत नाही.

मी लहान असताना एकदा तिने आबांना विचारलं, "मन्हं फडकं टांगू का दोरीवर?"

आबा खळखळून हसले. "फडकं टांगाले ती काय वाळवणनी दोरी शे? ठराव हमालस्ना शे."

मायने हात पुन्हा ताकात बुडवले. पण त्या हसण्याचा राग मला अजून येतो.

हमालांची चूक तिथेच झाली. आपला दर आपल्यापुरता, यातच त्यांना मोठेपणा वाटला. पथारीवरच्या बायका दोरीबाहेर राहिल्या. पुढे व्यापाऱ्याने मुकादमामार्फत सातपुड्यातली कुटुंबं आणली. त्यातले पुरुष पोती उचलू लागले, बायका देठ खुडू लागल्या. त्या पुरुषांपैकी दोघे हूक टांगायला आले, तेव्हा आमच्याच हमालांनी त्यांना परत पाठवलं. मग काय, व्यापाऱ्याचं आयतंच फावलं. जुना हमाल थकला की त्याच्या जागी मुकादमाचा माणूस. दरवर्षी दोरी आणखी मोकळी दिसायची.

मी आता अक्कलकुव्याला तासिकेवर शिकवते. आमच्या शाळेत कायम शिक्षकांची संघटना आहे, त्यांच्यासाठी बोलणी होतात. आम्ही तासिकावाले बाहेरच्या बाकावर बसून काय ठरलं ते ऐकतो. देशभर असंच होत चाललंय, करारात येणारे हात कमी होत चाललेत, असं वर्तमानपत्रात वाचलं की मला ती दोरीच दिसते.

अलीकडच्याच एका हंगामात मी सुट्टीला घरी होते आणि आबांचा डबा घेऊन बाजारात गेले होते. दोरीवर मोजकेच हूक होते. व्यापारी खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. म्हणाला, "तुम्ही इतलाच शेतस. करार कोनासंगे करू?"

आबांनी दोरीकडे एकदा पाहिलं. मग ते वळले आणि सरळ पथारीवर मायजवळ गेले. एवढ्या बायकांसमोर मान खाली घालून म्हणाले, "तुन्हं फडकं दे."

"आते आठवण उनी का?" माय म्हणाली. तिने हातातली मिरची खाली ठेवली, पण फडकं सोडलं नाही. पथारीच्या दुसऱ्या टोकाला डोंगरातल्या बायका बसल्या होत्या, तिकडे बोट दाखवून म्हणाली, "पहिले त्यासनं. मंग मन्हं."

आबा थांबले. मग मायच त्या बायकांकडे गेली. तिला त्यांची भिली बोली येत नव्हती, त्यांना तिची अहिराणी अर्धीच कळत होती. तरी काय ते कळलं. एकेक फडकं सुटलं आणि दोरीवर गेलं. सगळ्यात शेवटी मायचं. आबांनी ते स्वतःच्या हुकाशेजारी बांधलं. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

काम थांबलं. पथारीवर ओली मिरची पडून होती. मुकादमाने त्याच संध्याकाळी डोंगरातल्या सगळ्या कुटुंबांना टेम्पोत घातलं आणि गुजरातच्या रस्त्याने नेलं. माय टेम्पोच्या मागे धावली, पण मुकादमाने कोणाला उतरू दिलं नाही.

मिरची काळी पडायला लागली तेव्हा व्यापारी खुर्चीवरून उठला. दर ठरला. देठ खुडणाऱ्या बायका पहिल्यांदा करारात आल्या, माझी माय करारात आली. आबांनी गूळ वाटला. मायने तो हातात धरून ठेवला, खाल्ला नाही.

रिवाजाप्रमाणे हूक खाली आले. आमच्याकडच्या बायकांनी आपापली फडकी सोडून घेतली. डोंगरातल्या बायकांची तेवढी वर राहिली. एक हमाल ती काढायला गेला, तर माय त्याच्यावर ओरडली, "हात लावू नको! त्या येतीन. त्यासनी जागा शे ती."

तो हंगाम संपला, त्या आल्या नाहीत. फडक्यांचा रंग उन्हात पार उडाला. माय रोज कामावर जाताना दोरीखाली थांबते आणि वाऱ्याने सैल झालेल्या गाठी पुन्हा घट्ट बांधते.