बुडालेली लाँच आणि मिस्त्रीचं ‘हो’

काही प्रकरणं निकाली निघाली तरी डोक्यातून जात नाहीत. त्या मोटर लाँचचं तसंच झालं.

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. आमचं घर तीन पिढ्या कलकत्त्यातलं, मी बागबाजारच्या बाजूला नदीकाठच्या ठाण्यावर पोलीस अंमलदार. एका व्यापाऱ्याने हौसेने मोटर लाँच बांधून घेतली. विलायती इंजिन, पांढरा चकचकीत रंग. रविवारी पाहुण्यांना घेऊन बायकापोरांसह सफर ठरली होती. शुक्रवारी दुपारी लाँच पाण्यात उतरली, शनिवारी सकाळी घाटालाच बुडालेली सापडली.

व्यापाऱ्याने घातपाताची फिर्याद दिली. घाटावरच्या पहारेकऱ्याने खबर दिली, “म्हाताऱ्या मिस्त्रीने तळाच्या भोकाचं बूच काढलं. मी डोळ्यांनी पाहिलं, मग जेवायला गेलो.” हा मिस्त्री त्याच घाटावर जन्मभर लाकडी नावा बांधणारा; ही लाँच मात्र दुसऱ्या कारखान्यातली. नव्या लाँचला त्याने चारचौघांत ‘रंगवलेलं खोकं’ म्हटलं होतं. मला एवढं पुरेसं वाटलं.

“बूच तू काढलंस?”

“हो, दारोगाबाबू.”

मी जबाब लिहिला, त्याचा अंगठा घेतला, दौतीचं झाकण लावलं आणि त्याला कोठडीत टाकलं. असे सरळ कबूल करणारे आरोपी आम्हाला फार आवडत.

सोमवारी लाँच वर काढली. पंचनाम्याला मी कंटाळतच गेलो होतो. तळाचं बूच जागेवर होतं, ठोकून घट्ट बसवलेलं. बोट बुडवायची तर माणूस बूच परत कशाला ठोकेल? ठाण्यावर येऊन मी मिस्त्रीला पहिल्यांदाच विचारलं, का काढलंस?

“नवं लाकूड पाणी प्यायल्याशिवाय फुगत नाही बाबू, सांधे बसत नाहीत. माझा बाप नवी नाव आठवडाभर बुडवून ठेवायचा. मालकांना सांगितलं, ते हसले. म्हणून घोट्याइतकं पाणी आत घेतलं, बूच ठोकलं आणि घरी गेलो.”

“मग बुडाली कशी?”

“रंग खरवडून बघा.”

आम्ही खरवडला. फळ्या न वाळवलेल्या, कच्च्या लाकडाच्या. सांध्यांत ताग ठोकून भरायचा, तिथे नुसती रंगाऱ्याची लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी. घाटाला बुडाली नसती तर ती रविवारी भर नदीत बुडाली असती, माणसांसकट.

नवं ते सगळं वाईट असं मी म्हणणार नाही. त्या इंजिनाची सर वल्ह्यांना नाही. पण जुन्या नावांत रंगाखालचं कामही कोणीतरी मन लावून केलेलं असे.

व्यापाऱ्याने मान खाली घालून फिर्याद मागे घेतली. मिस्त्रीला सोडताना मी चिडूनच विचारलं, “हे पहिल्या दिवशी का नाही बोललास?”

“तुम्ही विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं, बाबू.”

तो घाटाकडे निघून गेला. मला शरम वाटली. पुढे निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक ‘हो’नंतर ‘का’ विचारत राहिलो. पण त्याच्याआधी किती जणांचं ‘हो’ ऐकून मी दौतीचं झाकण लावलं, ते आता कोणाला विचारू?