मोज्यातला केस

केस गळायला लागले की बाई आधी आरशासमोर रडते. निदान मी तरी रडले असते. आमच्या वहिनीने भिंग काढलं.

भिंग तिच्या कामाचंच. वहिनी रफू करते. कुणाचा कोट जळो, कुणाची शाल खिळ्याला अडकून फाटो, ती खिडकीपाशी बसून धाग्यात धागा घालत जाते आणि शेवटी भोक कुठे होतं ते मालकालाच शोधावं लागतं. बटणबाई, म्हणजे वहिनीची लेक, माझी भाची, खिदळायला लागली त्याच सुमारास वहिनीचे केस पुंजक्यांनी हातात यायला लागले. उशीवर केस, गिऱ्हाइकाच्या कोटावर केस, एकदा तर माझ्या ताटात. मी ताट ढकललं. वहिनीने तो केस उचलून उजेडात धरला.

"टोकाला पांढरा ठिपका दिसतोय का गं? म्हणजे तुटलेला नाही, मुळापासून आलाय."

"वहिनी, मी जेवतेय!"

डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं, की पोटात बाळ असताना गळायचे केसही गळत नाहीत, मग बाळंतपणानंतर सगळे एकदम जातात. काही महिन्यांनी पुन्हा येतात. "म्हणजे साठवलेली रजा एकदम घेतली म्हणायची," असं म्हणून वहिनी खूशच झाली. कारण कळलं की तिचं अर्धं दुखणं पळतं. उरलेलं अर्धं वेणीत अडकलं होतं.

वेणी लांबलचक, आता शेपटासारखी बारीक झालेली. माझ्या आईचं, म्हणजे तिच्या सासूचं, रोजचं पालुपद: "काप ती एकदाची. घरभर केस झालेत." एरवी वहिनी आईचा शब्द खाली पडू देत नाही. त्या दिवशी म्हणाली, "आई, माझी झोप बाळाची, अंग बाळाचं, दिवस बाळाचा. एवढी वेणी तरी माझी राहू दे." मला तिचं फार वाईट वाटलं. आईला काय वाटलं कोण जाणे, ती संध्याकाळपर्यंत घुश्शात होती.

वहिनीचे प्रयोग चालूच. गळलेल्या केसाला तिने कोटाचं बटण टांगलं. मग आणखी एक. मग छोटी कात्री. केस तुटेना. "काय चिवट आहे बघ!" ती कौतुकाने म्हणाली.

"तुझाच ना," मी म्हटलं.

मग एका सकाळी बटणबाईने रडून घर डोक्यावर घेतलं. दूध घेईना, खांद्यावर राहीना. आई म्हणाली पोट दुखतंय, मी म्हटलं दात येताहेत.  वहिनीने लेकीला खिडकीपाशी नेलं, सगळे कपडे उतरवले आणि फाटकं कापड तपासावं तशी मानेपासून खाली बघत निघाली. काखा, कोपरं, मांड्या. मग पायमोजे काढले. डाव्या पायाचं एक बोट सुजून लालभडक झालं होतं.

"भिंग दे," ती म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

सुजेच्या घडीत एक काळी रेघ होती. केसाचे वेढे. केसाने गळा कापतात हे ऐकलं होतं. बोट कापायला निघालेला केस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मी पाय घट्ट धरला. वहिनीने सुईचं बोथट नेढं हलकेच वेढ्याखाली सरकवलं, केस उचलला आणि कात्रीचं टोक लावलं. एक वेढा सुटला, मग दुसरा. आम्ही तशाच दवाखान्यात धावलो. डॉक्टरीणबाईंनी बोट नीट पाहिलं आणि काही राहिलं नाही म्हणाल्या, तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

घरी येऊन वहिनीने कापडाची मोठी कात्री माझ्या हातात दिली. "काप," ती म्हणाली आणि पाठ करून बसली. चिवट, चिवट म्हणून ज्याला बटणं टांगून बघितली, तसाच केस लेकीच्या बोटाला लागला होता. ती हुंदके देत होती. मी वेणी हातात धरली, पण कात्री चालेना.

आईने ती माझ्या हातातून काढून घेतली. मला वाटलं, आता हीच कापणार. तिने कात्री खणात टाकली.

"बांधून ठेव डोक्याला रुमाल," ती वहिनीला म्हणाली. "मोजे मी बघत जाईन. माझ्या नातीच्या केसालाही धक्का लागू द्यायची नाही मी, आणि तुझ्याही."

तेव्हापासून रोज सकाळी आई चष्मा लावून खिडकीपाशी बसते, भिंग घेते आणि ते इवलेसे मोजे उलटे करून शिवण न् शिवण तपासते. काल तिला एक केस सापडला. "हा बघ, सापडला!" ती विजयाने ओरडली. वहिनी कामावरून उठून आली. दोघींनी तो उजेडात धरला.

केस पांढरा होता.

"आई," वहिनी म्हणाली, "रुमाल देऊ का एक?"