आईच्या वाती

दवाखान्यातल्या फिनेलच्या वासाने मला झाशीतलीच एक जुनी दुपार आठवली. आत बाबांचं ऑपरेशन चालू होतं आणि बाहेर बाकावर आई शांतपणे कापसाच्या वाती वळत होती. मला तिचा संशयच आला. हिला डॉक्टरांनी नक्की काहीतरी सांगितलंय, आणि ही माझ्यापासून लपवतेय!

"खरं सांग, डॉक्टर काय म्हणाले?"

"तुला सांगितलं तेवढंच. बाकी देवावर सोडलंय."

बाबा बरे झाले, तरी माझा संशय गेला नाही. सोडलं म्हणून असं सुटतं होय?

आज ऑपरेशनला माझे यजमान आत आहेत. लेक मघापासून माझ्या हातातल्या वातीकडे डोळे बारीक करून बघतेय.

"मम्मी, सच बताओ, डॉक्टर ने क्या कहा है?"