खैरुन्निसाचं नववं कलम

खैरुन्निसाला अडाणी म्हणणाऱ्याचं थोबाड फोडावंसं मला अजून वाटतं. बाईला सही येत नाही, हे खरं. पण नागरिकत्वाच्या कायद्यातलं एक कलम तिने असं पाठ केलंय, की आमचे वकीलसुद्धा चाट पडले.

आम्ही विजयदुर्गात शेजारी. तिचा नवरा मुस्तफा कराचीच्या गोदीत कामाला. छप्पन साली तो तिला घेऊन गेला आणि वर्षाच्या आत तापाने वारला. परत यायला दुसरा कागद मिळेना, म्हणून तिथल्या कचेरीत सांगतील तिथे तिने अंगठा उठवला आणि पाकिस्तानी पासपोर्टावर बापाच्या घरी आली. व्हिसा तीन महिन्यांचा. तो संपला आणि शिपाई दारात. आठ दिवसांत देश सोडा म्हणे!

"खंयचो देश?" तिने त्यालाच विचारलं. "माझ्या आवशीची कबर हय आसा. मी खंय जाव?"

माझे वडील, नाना, वकिलांकडे कारकून. मी मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेली. कायद्याचं पुस्तक नानांकडून आणवलं आणि शब्दकोश घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी नववं कलम सापडलं. स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं तर इथलं जातं; पण माणूस दुसऱ्या देशाचा झाला का, हा प्रश्न दिल्लीच्या सरकारने सोडवायचा, पोलिसाने नव्हे.

"इंग्रजीत शिकव गो माका," खैरुन्निसा म्हणाली. "मराठीत सांगलंय तर ते हसतले."

"तुला इंग्रजीचं ओ की ठो कळत नाही!" मी डाफरले.

"ल्हानपणी कुराण पाठ केलंय, तेव्हा अरबी खंय कळत होती?"

मग काय! ती मासळी वाळत घालायची, मी ओळ वाचायची, आणि मदरशातल्यासारखी डुलत ती ओळ म्हणायची. चुकली की स्वतःच्याच गालावर चापट. अर्थही तिने एकेका शब्दाचा विचारला. 'स्वखुशीने' या शब्दावर तर माझ्याशीच भांडली. "खुशी कसली मेली? घराक येवक अंगठो दिलो मी!"

आठव्या दिवशी आम्ही दोघी पोलीस कचेरीत गेलो. फौजदार म्हणाला, बस उभी आहे, चढा. ही बया त्याच्या टेबलासमोर डोळे मिटून डुलायला लागली आणि "इफ एनी क्वेश्चन अरायझेस" पासून शेवटपर्यंत म्हणून मोकळी झाली. शिपाई फिदीफिदी हसले. फौजदार हसला नाही. त्याने कपाटातून पुस्तक काढून बोट ठेवून ताडून पाहिलं. एक शब्द चुकला नव्हता.

"आता मी दुसऱ्या देशाची झाले असा दिल्लीचा कागद दाखवा," ती शुद्ध मराठीत म्हणाली. "नसेल तर नाही म्हणून लिहून द्या."

त्याने लिहून दिलं, आणि बस तिच्याशिवाय गेली.

आज दहा वर्षं झाली, दिल्लीचा कागद काही आलेला नाही. तिला त्याची भीती आहे, मलाही आहे. पण ज्यांच्या दारात असाच शिपाई येऊन गेला, त्या बाया लांबून तिच्या पडवीत येतात, आणि ही त्यांना डुलत डुलत कलम शिकवते.

परवा मी विचारलंच, "कागद आला तर गो?"

"मगे फुडचा कलम वाच," ती म्हणाली. "मी हयच बसलंय."